नाना, पावतीवर नाव चढलं

ती. स्व. नाना यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल मालकांचा भाडं गोळा करणारा मेहताजी भाड्याची पावती देऊन गेला. बाबांचं नाव गेलं, त्या जागी माझं आलं. तुम्ही बदलापूरला मुलाकडे गेलात, नाहीतर तशीच जिना उतरून दाखवायला आले असते. पत्र उघड लिहितेय, कारण गिरगावापासून लालबागपर्यंत पागडीच्या, म्हणजे एकदाच मोठी रक्कम देऊन कायमच्या भाड्याने घेतलेल्या, खोल्यांत माझ्यासारख्या बऱ्याच जणी आहेत आणि प्रत्येकीच्या चाळीत नाना नसतात.

बाबांचं तेरावं झालं आणि मालकांनी भाडं घेणं बंद केलं. आरडाओरडा नाही, धमकी नाही. पहिल्या तारखेला मेहताजी आमचं दार सोडून पुढच्या दाराशी जायचा, एवढंच. मला वाटलं, घरात दुःख आहे म्हणून थांबलाय. खोटं कशाला सांगू, 137 रुपये वाचले असंही वाटलं. तुम्ही गॅलरीत पेपरची घडी घालत म्हणालात, “अगं, तो भाडं सोडत नाहीये, थकबाकी पिकवतोय.”

धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात उभी नोकरी केलेला माणूसच असं बोलू शकतो. भाडेकरू भाडं भरतोय, किंवा भरायला तयार आहे, तोवर मालकाला थकबाकीच्या नावाखाली खोली रिकामी करून घेता येत नाही. पण ही तयारी तोंडी चालत नाही, कागदावर दिसावी लागते. म्हणून मनीऑर्डर. दर महिन्याला मी पोस्टात, आणि दर महिन्याला पैसे परत, शेरा एकच: ‘घेण्यास नकार’. पहिली परत आली तेव्हा मी रडकुंडीला आले होते. तुम्ही मात्र घरात लग्नपत्रिका आल्यासारखे खूश! ते कागद ठेवायला पेढ्यांचा रिकामा डबाही तुम्हीच दिलात.

मग मालक स्वतः आले. पावतीवर नाव चढवायचे 5 लाख, भाडं महिना 2,000, आणि वर, “मुलगी काय, उद्या लग्न करून जाईल.” तुम्ही खुर्चीतून उठलासुद्धा नाहीत. मला म्हणालात, रेशनकार्ड, मतदान ओळखपत्र आणि गॅसचं पुस्तक काढून ठेव. 1999 चा भाडे नियंत्रण कायदा मुलगा की मुलगी हे विचारत नाही. भाडेकरू वारला तेव्हा त्याच्या कुटुंबातलं कोण त्याच्यासोबत राहत होतं, हे विचारतो. आणि वारसाने आलेली खोली म्हणजे विकलेली खोली नव्हे, मग विक्रीच्या वेळचा पागडीतला वाटा कसला मागता?

भाड्याचा हिशेब तुम्ही लग्नाच्या आहेराच्या पाकिटामागे केलात. वर्षाला 4 टक्के वाढ, म्हणजे 142 रुपये 48 पैसे. “ही वाढ त्याच्या हक्काची आहे, ती अडवू नकोस,” असं म्हणून पुढची मनीऑर्डर 143 ची करायला लावलीत. “वरच्या 52 पैशांनी तू गरीब होत नाहीस.”

तेव्हा मला तुमचा थोडा रागच आला होता. आता पटतं. 1947 च्या कायद्याने मुंबईतली भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर बांधून ठेवली आणि ती पन्नास वर्षं तिथेच राहिली. हे मालकांवर अन्यायाचं आहे असं 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयच म्हणालं. नवा कायदा 31 मार्च 2000 ला लागू झाला, तेव्हा कुठे ही 4 टक्क्यांची वाढ आली. 143 रुपयांत प्लंबर आपला जिनाही चढत नाही, हे मलाही कळतं. पण मालकांचं ते भांडण सरकारशी आहे, बाबांच्या मागे राहिलेल्या पावतीशी नाही. आणि माझा डोंबिवलीचा मावसभाऊ, दर अकरा महिन्यांनी नवा करार आणि नवा आकडा. त्याला हे 4 टक्के सांगितले तर तो हसतो.

मधे आठवडाभर आमचं पाणी बंद झालं. तेव्हाही भांडायला निघालेल्या मला थांबवून तुम्ही अर्ज लिहायला बसवलंत. पाणी तोडणं हा गुन्हा आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. अर्जाची प्रत मेहताजीच्या हातात पडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आला.

शेवटी वकिलाची नोटीस आलीच. अकरा महिन्यांची थकबाकी. तुम्ही ती दोनदा वाचलीत आणि चहा मागितलात. “थकबाकी भरायला नव्वद दिवस आहेत. डबा आण.” उत्तरासोबत अकरा मनीऑर्डरींच्या झेरॉक्स गेल्या आणि सगळ्या रकमेचा चेकही. त्यानंतर चार महिने सामसूम, आणि काल ही पावती.

तुमची फी विचारली तेव्हा तुम्ही आईच्या हातच्या खरवसावर भागवलंत. आईला अजून ते लागून राहिलंय. पुढच्या रविवारी आम्ही दोघी येतोय, नाही म्हणू नका.

एकच राहिलं. पावतीवर माझं आडनाव चुकलंय, एक काना कमी. आधी वाटलं, चालवून घेऊ. मग तुम्ही काय म्हणाला असता ते आठवलं आणि आज सकाळी मेहताजीला पावती परत केली.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची, खोली नंबर 23