‘ओरिजिनल’ एक्सजे १३ नक्की कुठली?

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीत जग्वार एक्सजे १३ चा मोठा फोटो छापलात, बघून मजा आली, पण खाली ‘१९६६ ची ओरिजिनल गाडी, आता टाटांची’ असं टाकलंय ते काही पटलं नाही.

टाटांनी २००८ मध्ये फोर्डकडून जग्वार लँड रोव्हर घेतली हे खरंय, पण ही गाडी जग्वारच्या जुन्या गाड्या जपणाऱ्या जग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टच्या संग्रहातली. कंपनीने ती कधी बाहेर विकलीच नाही आणि बनलीच एक, त्यामुळे बाकी जिथे कुठे दिसेल ती कॉपी समजायची.

आता ओरिजिनलचं. फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या रेससाठी ही बनवलेली, बॉडीचा आकार जग्वारचे डिझायनर माल्कम सेयर यांनी ठरवलेला, ड्रायव्हरच्या पाठीमागे ५ लिटरचं व्ही १२ (बारा सिलिंडरचं) इंजिन, ५०० च्या आसपास हॉर्सपॉवर. पण तोवर फोर्डची जीटी ४० ही रेसची गाडी पुढे निघून गेली, वर १९६८ पासून प्रोटोटाइपच्या, म्हणजे खास रेससाठी बनवलेल्या अशा गाड्यांच्या, इंजिनाला ३ लिटरची मर्यादा आली, मग काय, एकही रेस न धावता गाडी कोपऱ्यात. जानेवारी १९७१ मध्ये जग्वारच्याच व्ही १२ ई टाइप या स्पोर्ट्स कारच्या फिल्मसाठी बाहेर काढली, इंग्लंडमधल्या ‘मिरा’ या गाड्या तपासणाऱ्या संस्थेच्या टेस्ट ट्रॅकवर जग्वारचे टेस्ट ड्रायव्हर नॉर्मन ड्यूइस चालवत होते, जोरात असताना मागच्या चाकाने दगा दिला आणि गाडी कोलांट्या खात गेली. ड्यूइस डॅशबोर्डखाली अंग चोरून बसले म्हणून वाचले (काय माणूस!), गाडीचा पार चेंदामेंदा.

तो सांगाडा तसाच पडून होता. पुढे ॲबी पॅनेल्स या पत्राकाम करणाऱ्या कंपनीच्या एडवर्ड लोड्सच्या नजरेला पडला, त्यांनी जग्वारचे वरिष्ठ अधिकारी लॉफ्टी इंग्लंड यांना सांगितलं की आम्ही बांधून देतो. मूळ बॉडीचे काही साचे शिल्लक होते, ते वापरून नवी बॉडी केली, पण सगळं जसंच्या तसं नाही जमलं, चाकांवरच्या कमानी जरा जास्तच फुगल्या. १९७३ मध्ये इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकवर ब्रिटिश ग्रां प्री रेसच्या वेळी ती लोकांसमोर आली, म्हणजे बघा, पब्लिकने पाहिली तीच मुळात परत बांधलेली. ही हुबेहूब पहिल्यासारखी नाही हे जग्वारवालेसुद्धा लपवत नाहीत, मग आपण कशाला ओरिजिनल म्हणायचं?

माझ्या मते त्या कारागिरांचं काम एवढं भारी आहे की ‘अपघातानंतर पुन्हा बांधलेली’ लिहिल्याने गाडीचा रुबाब कमी होत नाही. जमलं तर अपघाताआधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी छापा, मागच्या चाकांजवळ फरक लगेच कळतो.

– एक वाचक, चिंचवड