भंडारदऱ्याच्या नकाशातली हिरवी रेघ खोडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवती ग्रॅव्हल सायकल, म्हणजे खडीच्या, कच्च्या रस्त्यांसाठीची सायकल, कुठे कुठे चालवावी, यावर लेख आला आणि सोबत रंगीत रेघांचा नकाशा आला. लेख दोनदा वाचला, नकाशा भिंग लावून पाहिला. लाल रेघ बरोबर आहे. हिरवी चूक आहे, आणि लेखाचा शेवट मला पटलेला नाही. म्हणून हे पत्र.

मी संगमनेरचा. एसटीच्या वर्कशॉपात बत्तीस वर्षं काढली, निवृत्त होऊन तीन झाली. मुलाने पुण्याहून कुणाची तरी वापरलेली ग्रॅव्हल सायकल आणून दिली, तेव्हा मला थट्टाच वाटली. हँडल रेसिंग सायकलचं आणि टायर दातेरी, चांगले ४० मिलिमीटर रुंद. आत ट्यूब नाही. काटा घुसला तर भोक बुजावं म्हणून चिकासारखं काहीतरी ओतलेलं. हवा भरायला गेलो तर मुलगा म्हणतो, बाबा, पस्तीस पौंडांच्या वर जाऊ नका. एवढ्या कमी हवेत चाक चालतं हे माझ्यातल्या मेकॅनिकला पटेना. राजूरच्या पुढे एका उखडलेल्या पट्ट्यावर पटलं. आता महिन्यातून एकदा तरी धरणालगतच्या शेंडी गावाला जातो. घरच्यांचं म्हणणं असं की गुडघे दुखतात म्हणून हा माणूस गच्चीवर वाळवण घालायला चढत नाही, आणि घाटघरला बरा जातो.

तुमची लाल रेघ म्हणजे जलाशयाला वळसा घालणारा रस्ता, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा. शेंडीतून निघून पाणी कायम डाव्या हाताला ठेवायचं म्हणजे चुकायला होत नाही. मुरशेत, पांजरे, उडदावणे करत घाटघर. उजवीकडे आधी कळसूबाईची रांग, पुढे अलंग-मदन-कुलंग. सकाळी लवकर निघालात तर उडदावण्यापर्यंत ऊन पाठीवर असतं. घाटघरला कोकणकड्यावर वारा एवढा असतो की सायकल आडवी ठेवावी लागते. तिथल्या वीजप्रकल्पाजवळ मी दर खेपेला थांबतो. मागणी कमी असेल तेव्हा खालच्या धरणातलं पाणी पंपाने वर चढवायचं, मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून २५० मेगावॉट वीज काढायची. ही युक्ती मला अजून जादूसारखी वाटते. (लेखात तिचा उल्लेख नाही, सेल्फी पॉइंट मात्र तीन आहेत.)

घाटघरहून साम्रद, आणि साम्रद ते रतनवाडी हा सगळ्यांत देखणा तुकडा. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ. मध्येच चढ असा की खालचा गिअरही अपुरा पडतो. रतनवाडीला अमृतेश्वराच्या पुष्करणीपाशी बसून भाकरी खायची, वर रतनगड बघायचा आणि कोलटेंभे, मुतखेलवरून धरणाच्या भिंतीकडे यायचं. या रस्त्यावर डांबर आहे, पण घाटघरच्या अंगाला वर्षाचा पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या घरात, त्यामुळे ते बऱ्याच ठिकाणी खडीच्या रूपात आहे. ग्रॅव्हल सायकलला याहून काय हवं? नवीन वाट शोधायची गरजच नाही.

आता हिरवी रेघ. ती उडदावण्याच्या खाली रस्ता सोडून पाण्याकडे उतरते आणि काठाकाठाने जाते. लेखात तिला ‘शांत, वाहनविरहित सिंगल ट्रॅक’ म्हटलं आहे, म्हणजे एका वेळी एकच सायकल जाईल अशी वाट. वाहनविरहित आहे हे खरं, कारण तो भाताच्या खाचरांचा बांध आहे. मला हे माहीत आहे, कारण गेल्या फेब्रुवारीत मी स्वतः मोबाइलवर कुणीतरी टाकलेली हीच रेघ धरून तिथे उतरलो होतो. पायवाट अरुंद होत गेली, तरी पडद्यावरचा निळा ठिपका रेघेवरच होता, म्हणून मी चालवत राहिलो. मग पुढचं चाक घसरलं आणि बांधाचा हातभर तुकडा दगडांसकट खाचरात गेला. मीही गेलो, पण माझं काही मोडलं नाही. चाक तेवढं आउट झालं.

वरून एक आजी ओरडत आल्या. “ए बाबा, रस्ता वर हाय, हितं आमचं पोट हाय.” मी माफी मागितली आणि म्हटलं, भात तर निघालंय, पावसाला अजून चार महिने आहेत. तेव्हा त्यांनी मला समजावलं, ते मला संगमनेरच्या उसाच्या रानात राहून कळलं नसतं. उताराच्या जमिनीत खाचर म्हणजेच बांध. एका जागी फुटला की पहिल्या मोठ्या पावसात पाणी तिथून धाव घेतं, माती नेतं आणि खालच्या खाचराचा बांधही घेऊन जातं. “तुझ्यामागं अजून धा सायकली आल्या तर?” असं त्यांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. सायकल बाजूला ठेवून आम्ही दोघांनी दगड रचले. मी रचलेला पहिला थर त्यांनी न बोलता काढून पुन्हा लावला. नंतर कोरा चहा दिला.

त्यांच्या ओटीवर बसून चहा पिताना माझी मान जरा खालीच होती, आणि कारण फक्त बांध नव्हतं. भंडारदऱ्याचं हे धरण १९१० ते १९२६ या काळात बांधलं गेलं. त्या दरीतली सपाट, कसदार जमीन पाण्याखाली गेली आणि ११ टीएमसी पाणी आम्हा खालच्या लोकांसाठी साठलं. प्रवरेचे कालवे, आमचा ऊस, आमचे साखर कारखाने त्यावर उभे राहिले. काठच्या माणसांना उरली ही उतारावरची खाचरं. तीही आम्ही आता टायरखाली घ्यायची?

लेखाच्या शेवटी सुचवलं आहे की हे रस्ते ‘कच्चेच राहू द्यावेत, त्यातच त्यांचं सौंदर्य आहे’ आणि अमेरिकेचं उदाहरण दिलं आहे. मुलाकडून मी त्याची माहिती घेतली. कॅन्ससमधल्या एम्पोरिया गावातून २००६ पासून २०० मैलांची मोठी शर्यत होते, तीही सगळी खडीवरून. पण तिथे मैला-मैलावर चौकोनात आखलेले खडीचे रस्ते हे नोंदीतले सार्वजनिक रस्ते आहेत, शेतकऱ्यांचे ट्रक रोज त्यावरून जातात. आपल्याकडे डोंगरातल्या वाडीचा खडीचा रस्ता म्हणजे डांबर यायचं राहिलेला रस्ता. त्या आजींनी मला सुनेच्या बाळंतपणाची गोष्ट सांगितली. जीप हळू चालवली तर उशीर, जोरात चालवली तर हाल. एसटीत असताना अशा रस्त्यांवर तुटलेले स्प्रिंगचे पाटे मी किती बदलले, त्याची मोजदाद नाही. त्यामुळे माझ्या चाळीस मिलिमीटरच्या टायरला मजा येते म्हणून कुणी रस्ता कच्चा ठेवा म्हणत असेल, तर माझं नाव त्या यादीत नको. डांबर चांगलं झालं तर मी दुसरे टायर चढवीन.

काजव्यांचा उल्लेख एका ओळीत उरकला आहे. पावसाच्या तोंडावर सादड्यावर काजवे लखलखतात, तेव्हा रात्री सायकल हा ‘उत्तम पर्याय’ आहे असं लिहिलंत. आजकालचा सायकलचा दिवा मोटरसायकलला लाजवील असा असतो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे ते, बिबट्याही आहे. दिवे बंद करून चालत जा, एवढंच सांगतो.

नकाशा पुन्हा छापणार असाल तर उडदावण्याखालची हिरवी रेघ काढा, आणि मोबाइलवर ज्या कुणी ती टाकली आहे त्यांनीही काढावी. त्या वाटेवर चौथ्या खाचराच्या बांधात हातभर नवीन दगड दिसतील. त्यातला खालचा थर आजींचा आहे, वरचा माझा. येत्या पावसात तो टिकतो का, ते बघायला मी ऑगस्टमध्ये जाणार आहे. पायी.

आपला,
एक निवृत्त एसटी मेकॅनिक, संगमनेर