बोलताना अडखळणाऱ्या मुलाला विश्वास कमी पडला असं सांगू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या पेपरात जिद्दीच्या बातम्या येतात, कोणाला दिसत नाही तरी नव्वद टक्के, कोणाला चालता येत नाही तरी इंजिनिअरिंगला ॲडमिशन, मी त्या सगळ्या वाचतो, काही कापून पण ठेवतो. त्या छापत राहा. पण त्याच दिवसांत आमच्या ख्रिस्ती लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातलं चौथ्या अध्यायातलं तेरावं वचन फिरत असतं, मला सामर्थ्य देणाऱ्याच्या मदतीने मी सगळं करू शकतो अशा अर्थाचं, फोटोत डोंगराच्या टोकावर हात पसरून उभा असलेला माणूस आणि खाली कोणीतरी लिहिलेलं असतं, विश्वास ठेवा, सगळ्या अडचणी आपोआप दूर होतील. मला त्याबद्दल लिहायचंय कारण अशा मेसेजमुळे घराघरांत मुलांना त्रास होतो आणि तो मी स्वतः भोगलाय.

मी मालवण तालुक्यातला, कॅथलिक घरातला, आता पन्नाशीच्या पुढे. बोलायला लागलो तेव्हापासून अडखळतो. क, ह, म ही अक्षरं शब्दाच्या सुरुवातीला आली की तोंड उघडतं पण आवाज येत नाही. कॉलेजला कुडाळला जायचो, मालवण-सावंतवाडी गाडी, कंडक्टर समोर येऊन उभा राहिला की "कुडाळ" काही केल्या निघायचं नाही, मागचे लोक बघायला लागायचे, मग मी सावंतवाडीचं तिकीट काढून कुडाळला उतरायचो, जास्तीचे पैसे गेले तरी चालतील पण ते बघणं नको. शाळेत हजेरीला "हजर" म्हणायचं असायचं. एका शिक्षकाने, नाव घेत नाही, मला तो शब्द नीट येईपर्यंत उभं ठेवलेलं, मुलं हसत होती आणि तास संपला. असं ज्यांनी भोगलंय त्यांना पुढचं सांगायला नको.

घरच्यांनी काय काय केलं नाही. वेखंड उगाळून जिभेवर लावलं. आजी खुरसाकडे (क्रुसाकडे) मेणबत्त्या लावायची, शेजारच्या काकींनी त्यांच्या देवळात माझ्यासाठी गाऱ्हाणं घातलं (आपल्याकडे असं चालतं, कोणी कोणाचा देव वेगळा मानत बसत नाही, आणि ते मला आजही फार मोलाचं वाटतं). शेवटी एका चंगाई सभेला नेलं, म्हणजे प्रार्थनेने दुखणी बरी करायची सभा. तिथे सगळ्यांसमोर डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली, माइक तोंडाजवळ धरला, बोल म्हणाले, मला बोलता आलं नाही. तेव्हा सांगण्यात आलं की ह्या मुलाचा विश्वास कमी पडतोय, नाहीतर घरात कोणाचं तरी पाप आहे. माझी आई त्यानंतर कित्येक वर्षं रात्री एकटी बसून आठवत राहायची की आपलं काय चुकलं.

आता ही गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायात स्पष्ट लिहिलेली आहे. जन्मापासून आंधळा असलेला माणूस बघून शिष्य येशूला विचारतात की पाप कोणाचं, ह्याचं की ह्याच्या आईबापाचं, आणि येशू म्हणतो ह्याचंही नाही आणि त्यांचंही नाही. एवढं सरळ उत्तर असताना आपण अजून आईबापांना तोच प्रश्न विचारतो हे मला सहन होत नाही.

आणि फिलिप्पैकरांस पत्रातलं ते वचन. वरची दोन वचनं पण वाचा ना. ते पत्र लिहिणारा पौल तेव्हा बंदीत होता. तो लिहितो की मी भरल्या पोटी राहायला शिकलोय आणि उपाशी पण, भरपूर असताना आणि कमी असताना पण, आणि मग येतं ते सामर्थ्याचं वाक्य. म्हणजे साखळी तुटली म्हणून लिहिलेलं वाक्य नाही ते, साखळी असतानाचं आहे. त्याच पौलाच्या अंगात काहीतरी काटा होता, नेमकं काय दुखणं ते त्याने सांगितलेलं नाही, तो काढून टाक म्हणून त्याने तीनदा विनवणी केली, काटा गेला नाही, माझी कृपा तुला पुरे आहे असं उत्तर मिळालं. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात बारावा अध्याय. पौलाचा विश्वास कमी होता असं म्हणायची हिंमत आहे का कोणाची?

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो मोशे. बायबलमधल्या निर्गम ह्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात तो देवाला सांगतो की मला बोलता येत नाही, माझी जीभ जड आहे, दुसऱ्या कोणाला तरी पाठव. देव रागावतो सुद्धा. पण त्याची जीभ हलकी केली असं कुठे लिहिलेलं नाही. देव म्हणतो, तुझा भाऊ अहरोन आहे ना, तो चांगलं बोलतो, आणि तो तुला भेटायला निघालाय पण. हे मी पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा रडू आलं मला, कारण भाऊ आधीच वाटेला लागला होता, मोशे अजून नाही नाही म्हणत असताना. पुढे सहाव्या अध्यायात मोशे परत तेच गाऱ्हाणं सांगतो, म्हणजे त्रास तसाच होता. आणि बायबलमध्ये अनुवाद नावाचं जे पुस्तक आहे ते जवळजवळ सगळं ह्याच माणसाचं लोकांसमोरचं बोलणं आहे.

माझ्या बाबतीत तो अहरोन म्हणजे आमचा गाव. घरी संध्याकाळी तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हणायची, त्यात मी कधी अडखळलो नाही. खुरसाकडे लदीन (सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना) असली की चणे वाटेपर्यंत सगळ्यांबरोबर खड्या आवाजात गायचो. लहानपणी वाटायचं हा चमत्कार आहे. नंतर कळलं की जगभर अडखळणाऱ्यांना हा अनुभव येतो, सगळ्यांबरोबर एका सुरात बोलताना किंवा गाताना अडखळणं बहुतेकांचं जवळजवळ थांबतं, एकटं बोलायला लागलं की परत येतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे ना. वा. टिळक १८९५ ला ख्रिस्ती झाले आणि त्यांनी अभंगांच्या चालीवर भजनं लिहिली, ती मराठी चर्चमधून अजून गातात, त्यातली कितीतरी मी न अडखळता गाऊ शकतो. त्यामागचं कारण कळलं म्हणून माझी श्रद्धा कमी झाली नाही, उलट देवाने माणसाची वाचा दुसऱ्यांच्या आवाजाला अशी बांधून ठेवलीय ह्याचं मला जास्तच नवल वाटतं.

मग आमच्या तेव्हाच्या फादरांनी मला मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) बायबलचं वाचन करायला सांगितलं. मी नाही म्हटलं. ते म्हणाले अडखळलास तर थांब, लोक थांबतील. पहिल्या रविवारी दुसऱ्याच ओळीत अडकलो, चर्च एकदम शांत, आणि पुढच्या बाकावरून एक म्हातारी बाय मोठ्याने म्हणाली, "सावकाश वाच रे झिला, आमका खंय घाई आसा." कोणी हसलं नाही. मी पूर्ण वाचन केलं. आज पण वाचतो, आज पण अडखळतो, आणि गाडीत तिकीट मात्र जिथे उतरायचं तिथलंच काढतो, कितीही वेळ लागला तरी.

डॉ. मेरी वर्गीस हे नाव आपल्या किती वाचकांना माहीत असेल? मूळच्या केरळच्या, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉक्टर. १९५४ मध्ये गाडीचा अपघात झाला आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. ते परत चालतं झालं नाही. डॉ. पॉल ब्रँड तिथे कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या बोटांवर ऑपरेशन करायचे, हाताचं ऑपरेशन बसून करता येतं, म्हणून मेरीबाई त्यांच्याकडे ते शिकल्या आणि व्हीलचेअरवर बसून करायला लागल्या. नंतर न्यूयॉर्कला जाऊन पुनर्वसनाचं शिक्षण घेतलं, परत येऊन वेल्लोरला तो विभाग उभा केला, १९७२ मध्ये पद्मश्री मिळाली. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला, कमी ऐकू येतं म्हणून ते जमलं नाही. ऐकणं पुढे सुधारलं नाही. केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, दुष्काळातल्या मुली, विधवा तिथे आल्या, आणि हिब्रू-ग्रीक शिकून बाईंनी सगळं बायबल मराठीत आणलं, मरेपर्यंत ते काम चालू होतं. ह्या दोघींच्या विश्वासाबद्दल कोणी शंका घेणार नाही, आणि दोघींचं शरीर शेवटपर्यंत तसंच राहिलं.

म्हणून माझी आमच्या चर्चच्या लोकांना आणि सगळ्याच गावकऱ्यांना हात जोडून विनंती आहे. मुलासाठी प्रार्थना करा, जरूर करा, मी पण रोज करतो. पण त्याला स्टेजवर उभं करून माइक तोंडाशी धरू नका. त्याचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका, "श्वास घे, घाबरू नको" पण सांगू नका, तो घाबरतो म्हणून अडखळत नाही, अडखळून अडखळून मग घाबरायला लागतो. हा मेंदूतून बोलणं कसं घडतं त्यातला फरक आहे, पुष्कळदा घराण्यात असतो, साधारण दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतो आणि बऱ्याच मुलांचा आपोआप जातो, काहींचा राहतो, मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये जास्त राहतो. काही महिने झाले तरी राहिला तर स्पीच थेरपिस्टला दाखवा, वेखंडात वेळ घालवू नका. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर तपासणीला येतात, २०१३ पासून ही योजना आहे, त्यांना हे आवर्जून सांगा, आपण फक्त दात आणि डोळे दाखवतो. मुंबईत बांद्र्याला अली यावर जंग संस्था १९८३ पासून आहे, वाचा आणि श्रवण हेच त्यांचं काम, पण आमच्याकडून तिथे जायचं म्हणजे रात्रीची कोकण रेल्वे आणि मजुरीवर पोट असलेल्याचे दोन-तीन दिवस बुडाले. आता व्हिडिओ कॉलवर पण थेरपी मिळते, गावात रेंज असेल तर.

आणि चर्चच्या, देवळांच्या पायऱ्यांचं पण बघा. आमचे डोंगरउतार, कुठेही जा चढावं लागतं. गुडघे गेलेले म्हातारे आणि व्हीलचेअरवाले घरीच बसून मोबाइलवर मिस्सा बघतात. एक उतार बांधायला चिरा आणि सिमेंट किती लागतं? फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) मंडपापेक्षा जास्त खर्च तर नक्कीच येत नाही.

संपादकसाहेब, आपल्याकडे पण एक मागणं आहे. पुढच्या निकालाच्या वेळी अशा मुलाची बातमी छापाल तेव्हा त्याच्याबरोबर कोण होतं ते पण विचारा, लेखनिक कोण बसला, रोज गाडीपर्यंत कोणी नेलं, कुठल्या मॅडमनी तोंडी परीक्षेत वेळ दिला. आणि शक्य झालं तर सिंधुदुर्ग-रत्नागिरीत स्पीच थेरपिस्ट कुठे, कुठल्या वारी बसतात त्याची एक चौकट पेपरात द्या, मी ती आमच्या चर्चच्या आणि ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावीन.

आपला,
एक वाचक
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग