चिंगीचे पाय पुसणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टर,

तुमचं नाव लिहीत नाही. "काकू, नाव नका घालू, दारात रांग लागेल," असं तुम्हीच म्हणालात. रांग तशीही असतेच म्हणा. पण आभार मनातल्या मनात मानणं मला जमत नाही. खानावळ चालवणारी बाई मी, जे असेल ते चार लोकांत बोलते.

आमची कुत्री चिंगी गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात सांगलीत आमच्या मागच्या दारी भिजून आली, तेव्हा ओंजळीत मावत होती. आठ महिन्यांची झाली आणि डोळ्यांभोवतीचे केस गेले, चष्मा लावल्यासारखे. मग पुढचे पाय, मग मान. कातडी लाल, अंगाला तेलकट कुबट वास. तुमच्याकडे येण्याआधी काय काय केलं त्याची यादी वाचत नाही, पण दोन गोष्टी अजून घशाखाली उतरत नाहीत.

एक माझीच. कुणीतरी सांगितलं म्हणून मी गंधक घालून जळकं ऑइल चोळलं. पिल्लू दिवसभर अंग चाटत बसलं होतं.

दुसरी त्या आधीच्या दवाखान्यातली. टेबलापासून हातभर लांब उभं राहून "खरूज आहे" एवढं ऐकवलं, इंजेक्शन दिलं, पैसे घेतले. खाज दोन दिवसांत थांबली. मी पेढे वाटायचीच बाकी होते! दोन आठवड्यांनी निम्मं अंग उघडं. परत गेले, परत तेच इंजेक्शन. असं तीनदा. तिसऱ्यांदा तर, "टेबलावर मुतली वाटतं, पुसून घ्या तेवढं," असंही ऐकलं. मी पदराने पुसलं आणि वर माफी मागितली.

इकडे खानावळीत दोन मेंबर तुटले. "खरजुलं कुत्रं बांधलंय तिथं जेवायचं कसं?" त्यांचंही चूक म्हणत नाही. मी तिला मागच्या बोळात बांधली. भाकरी लांबून टाकायची, धरायचंच झालं तर फडक्याने. तुमच्याकडे आणलं तेव्हासुद्धा पोत्यात गुंडाळून आणलं होतं. तीन रिक्षावाले नाही म्हणाले. चौथा म्हणाला, "बसा मावशी, गाडी धुता येते." त्याचेही आभार, तो हे वाचणार नाही तरी.

आणि तुम्ही. तुम्ही आधी चट्टे बघितलेच नाहीत, टेबल बघितलं. स्टीलवर चार ओले ठसे उठले होते. मी घाईघाईने पदर पुढे केला तर तुम्ही माझा हात अडवलात. "काकू, हा घाम आहे. कुत्र्याला असा घाम फुटतो तो पायाच्या तळव्यांना. घाबरलीय हो ती." एवढं बोलून तिला उचलून खाली ठेवलंत आणि स्वतः फरशीवर मांडी घालून बसलात. बाहेर शेळ्या, एक म्हैस, दोन मांजरं आणि त्यांची माणसं ताटकळत होती.

मी तिथं उभी राहून एवढाच विचार करत होते की, मागच्या तीन वेळाही तो घामच होता.

मग ब्लेडने कातडी खरवडलीत, काचेवर घेतलंत, आणि मलाही त्या दुर्बिणीत डोळा लावायला लावलात. चिरूटासारखा लांबट जीव, पुढच्या बाजूला आठ आखूड पाय. डेमोडेक्स. मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढा. जुन्या बिलाच्या पाठीवर तुम्ही चित्र काढून दिलंत, ते मी फळीवर हिशेबाच्या वहीत ठेवलंय. केस जिथून उगवतो तो रोमकूप, म्हणजे केसाची विहीरच. तिच्या कडेला तेलाची ग्रंथी, आणि केस उभा करणारा इवलासा स्नायू. गाईच्या एका विहिरीतून एकच केस निघतो, कुत्र्याच्या एका विहिरीच्या तोंडातून केसांचा झुपका. त्या विहिरीत हे किडे राहतात. बहुतेक सगळ्या कुत्र्यांत थोडे असतातच, पिल्लाला आईला चिकटून दूध पिताना पहिल्या काही दिवसांतच मिळतात. अंगातली ताकद कमी पडली की ते बेसुमार वाढतात, विहीर फुगते, केस गळतो. त्या इंजेक्शनातल्या स्टिरॉइडने खाज दबली, तशी ती ताकदही दबली. किड्यांना रान मोकळं.

आधीचे कागद तुम्ही वाचलेत, घडी घातलीत आणि परत दिलेत. त्या डॉक्टरांबद्दल एक शब्द नाही. मी वाट बघत होते, खरं सांगते.

मग हातमोजे काढलेत. "ही खरूज नाही. ही माणसाला लागत नाही." आणि कापसाचा बोळा घेऊन, उघड्या हातात तिचा एकेक पाय धरून, चारही तळवे पुसलेत. बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. तिनं तिसरा पाय आपणहून पुढे केला. मला म्हणालात, "लावा की हात."

दोन महिन्यांत पहिल्यांदा मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. गरम होतं, खरबरीत. औषधं, गोळ्या, शाम्पू, ते सगळं केलंच. दर महिन्याला खरवडणं झालं, लागोपाठ दोनदा काच स्वच्छ निघाली. पण ती बरी व्हायला लागली ती त्या फरशीवर, असं माझं मत. तुम्हाला ते शास्त्रात बसणार नाही.

माझे वडील आटपाडीकडचे, खिलार बैल सांभाळणारे. सकाळी उठून आधी बैलाच्या नाकपुडीवर बोट फिरवायचे. नाकावर दव नसलं तर त्या दिवशी औत नाही, मग पेरणी असो की काही असो. तुम्ही सांगितलंत की तिथं वेगळ्या ग्रंथी असतात, जनावर धड असलं की नाक ओलं राहतं. वडिलांना ग्रंथी माहीत नव्हत्या. बोट लावणं माहीत होतं. त्या दिवशी तुमच्याकडे बघताना मला सारखे तेच आठवत होते. तो म्हशीवाला उन्हात बांधून आला होता, त्याला तुम्ही रागावलात तेही अगदी तसंच: "गाईपेक्षा हिला घामाच्या ग्रंथी कितीतरी कमी, डुंबायला नाही तर निदान सावली तरी द्या!"

हो, आणि एक. आपल्या चेहऱ्यावरच्या केसांतही या किड्याचे भाऊबंद राहतात, असं तुम्ही जाता जाता म्हणालात. ते मी दोन्ही मेंबरांना कळवलंय. भुवयांत बघा म्हटलं. एकजण परत आला.

चिंगीचे केस आलेत, डोळ्यांभोवती अजून जरा भुरे. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल वाजले तेव्हा स्वयंपाकघराच्या फरशीवर ओले ठसे दिसले. गॅस बंद करून खाली बसले तिच्यापाशी. आमटी त्या दिवशी उशिरा झाली.

शुक्रवारी तुमच्यासाठी डबा पाठवते. पिठलं, बाजरीची भाकरी, ठेचा. रिकामा डबा परत करायची घाई नाही, आणि त्यात पैसे घालून पाठवलेत तर बघा.

तुमची,
खानावळवाली काकू