जुनं विंडोज परत घ्यायला दहाच दिवस का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हल्ली ज्याला त्याला विंडोज ११ घ्या म्हणून सांगतात, पण घेतल्यावर काही अडलं तर मागे कसं यायचं हे कोणी नीट सांगत नाही, म्हणून हे पत्र.

अपग्रेड झाल्यावर जुनी सिस्टीम सी ड्राइव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरमधे पडून असते. सेटिंग्जमधे सिस्टीम, मग रिकव्हरी, तिथे 'गो बॅक' दाबलं की विंडोज १० परत येतं आणि आपल्या फाईली पण जागेवर राहतात. पण ही सोय फक्त १० दिवस, नंतर ते फोल्डर आपोआप डिलीट होतं. २०१५ मधे विंडोज १० आलं तेव्हा हीच मुदत ३० दिवस होती, पुढच्याच वर्षी कमी केली. अहो, जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हर (म्हणजे तो चालवणारं सॉफ्टवेअर) चालत नाही किंवा हिशोबाचं सॉफ्टवेअर उघडत नाही हे कळायला आधी ते काम तर निघायला हवं ना, आणि अशी कामं कित्येकांकडे महिन्यातून एकदाच निघतात!

मला राग येतो तो याचा की मुदत वाढवायची सोय विंडोजमधेच आहे. कमांड प्रॉम्प्ट (म्हणजे कमांड टाईप करायची खिडकी) ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'डिझम' या विंडोजमधल्याच साधनाची एक कमांड दिली की ६० दिवसांपर्यंत मिळतात, फक्त ती पहिल्या १० दिवसांच्या आतच द्यायची. साध्या माणसाला हे कुठून माहीत असणार? सेटिंग्जमधे सरळ एक पर्याय ठेवायला काय हरकत आहे?

मुदत गेली की मग क्लीन इन्स्टॉल, म्हणजे बूटेबल पेनड्राइव्ह करा, सगळ्याचा बॅकअप घ्या, ड्राइव्ह फॉरमॅट करा, प्रोग्राम पुन्हा टाका. त्यात कोणी नव्या मशीनवर विंडोज ७ टाकायला बसला तर इन्स्टॉलरच्या स्क्रीनवर माऊसच हलत नाही, कारण त्यात यूएसबी ३ चा ड्रायव्हर नाही, आणि एनव्हीएमई म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क असेल तर तीही दिसत नाही.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा मागे जाण्यात धोका आहे हे मान्यच. पण अडलेलं काम उरकून पुन्हा ११ वर येणाऱ्याला तरी वेळ मिळायला हवा. आपल्या पेपरात अपग्रेडची माहिती छापाल तेव्हा त्या १० दिवसांबद्दल आणि त्या कमांडबद्दल त्याच लेखात ठळक छापा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक