‘ऑगमेंटेशन’ला ‘वाढ’ म्हणू नये

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पाणीपुरवठा योजनांच्या बातम्यांत ‘ऑगमेंटेशन’ (असलेल्या योजनेची क्षमता वाढवणे) हा शब्द निविदेतून जसाच्या तसा उतरतो, नाहीतर त्याच्या जागी नुसते ‘वाढ’ असे छापले जाते. पाण्याच्या बातमीत ‘वाढ’ दिसली की माझ्यासारख्याला आधी पाणीपट्टीच आठवते, हा भाग वेगळा. पण ‘ऑगमेंट’ या मूळ क्रियापदाचा अर्थही त्यात निसटतो.

‘ऑगमेंट’ हे लॅटिन ‘ऑगेरे’, म्हणजे वाढवणे, या धातूचे अपत्य असून ते फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले. आपल्या गोव्यातल्या जुन्या पिढीला परिचित असलेले पोर्तुगीज ‘आउमेंतार’ त्याचेच भावंड. बोली चढत जाते म्हणून ‘ऑक्शन’ही याच घरातले, मात्र आपला ‘लिलाव’ पोर्तुगीज ‘लेइलांव’वरून आला आणि देवळांतली ‘पावणी’, म्हणजे तिथला लिलाव, हा शब्द तर आपला स्वतःचा, त्यामुळे या दोघांचा त्या घराण्याशी संबंध नाही. संस्कृत ‘ओजस्’ मात्र त्याच प्राचीन धातूशी जोडला जातो.

याउलट ‘इन्क्रीज’च्या मुळाशी असलेल्या ‘क्रेस्केरे’चा अर्थ आपोआप वाढणे, रोपासारखे. ‘ऑगमेंट’मध्ये आधीचे तसेच राहते आणि बाहेरून काही येऊन त्याला मिळते. व्याकरणात हा फरक स्पष्ट दिसतो. ‘गच्छति’चे भूतकाळी ‘अगच्छत्’ होताना सुरुवातीला जो ‘अ’ लागतो, त्याला पाश्चात्त्य व्याकरणकार ‘ऑगमेंट’ म्हणतात, तर पाणिनीय परंपरेत तो अडागम, म्हणजे ‘अ’चा आगम. आगम मित्रासारखा शेजारी येऊन बसतो, आदेश शत्रूसारखा मूळ अक्षराला हुसकावून त्याची जागा घेतो, असे शास्त्री मंडळी शिकवतात. एवढा नेमका भेद ज्यांच्या परंपरेत आहे, त्यांनी ‘वाढ’ या एका शब्दावर भागवावे, हे मला पटत नाही. शिवाय मराठीत पंगतीला भातही वाढतात आणि देवापुढे नारळही वाढवतात. त्या बिचाऱ्या शब्दावर आधीच पुष्कळ भार आहे.

तेव्हा अशा बातम्यांत ‘क्षमतेत भर’ असे लिहावे आणि प्रकल्पाची मूळ क्षमता किती दशलक्ष लिटर व तीत नव्याने किती पडणार, हे दोन्ही आकडे द्यावेत, ही विनंती.

आपला,
एक वाचक, फोंडा