रोटेशनमधला शब्द नेमका कशाचा?

संपादक महोदय,

मेजर लीग बेसबॉलमध्ये एखाद्या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, रोटेशनमधून (सामना सुरू करणाऱ्या पिचरांच्या ठरलेल्या पाळीतून) काढले की बातमीचे मथळे दोनच तऱ्हेचे येतात. एक ‘कामगिरीला न्याय’ म्हणतो, दुसरा ‘मॅनेजरने शब्द फिरवला’. शब्द कशाचा दिला होता आणि किती काळासाठी, हे मात्र कोणी विचारत नाही. सगळा तंटा तिथेच असतो, म्हणून हे पत्र.

साधारण सहा महिन्यांत १६२ सामने, पाच स्टार्टर (सामन्याची सुरुवात करणारे पिचर), प्रत्येकाला मध्ये चार दिवस विश्रांती. म्हणजे एकेकाच्या वाट्याला सुमारे ३२ सामने येतात. फलंदाजाला आज बसवून उद्या खेळवता येते, स्टार्टरचे तसे नाही. फेब्रुवारीत सराव शिबिर सुरू झाले की तो पहिल्या सामन्यात ३०-३५ चेंडू टाकतो आणि दर खेपेला साधारण १५ चेंडू वाढवत मार्चअखेर नव्वदीच्या घरात जातो. त्याला बुलपेनमध्ये (राखीव पिचर जिथे सराव करतात आणि जिथून सामन्याच्या मध्यात येतात ती जागा) पाठवून एकेक इनिंग (नऊ डावांपैकी एक, तीन बाद झाले की संपतो) टाकायला लावली, तर काही आठवड्यांत ही तयारी उतरते. ती पुन्हा चढवायला तेवढेच आठवडे जातात. त्यामुळे दोन वाईट सामन्यांवरून जागा बदलणे महागात पडते आणि पाचव्या जागेबद्दल संदिग्ध बोलणेही.

‘पाचवा स्टार्टर तूच’ हे वाक्य फेब्रुवारीत कोणत्याही मॅनेजरने उच्चारू नये. ते पाळणे त्याच्या हातात नसते. ‘शिबिरात तुला स्टार्टर म्हणूनच तयार करू, हंगामातले पहिले आठ सामने तुझे, मग बसून बोलू, दुखापत झाली किंवा वेग घसरला तर आधी बोलू’ एवढेच सांगावे, आणि ते आठही सामने द्यावेत. सहाव्या सामन्यात मार पडला म्हणून सातवा काढून घेतला, तर पुढच्या वर्षी त्या संघात कोणाचाच कोणाच्या बोलण्यावर विश्वास राहत नाही.

आणखी एक फरक शिबिरातच स्पष्ट व्हायला हवा. ‘दर पाचव्या दिवशी’ आणि ‘दर पाचव्या सामन्याला’ यांत मोठे अंतर आहे. पहिल्या क्रमांकाच्या पिचरला दर पाचव्या दिवशी चेंडू द्यायचे ठरले असेल, तर सुट्टीचा दिवस आला की पाच दिवसांत चारच सामने होतात आणि पाचव्या स्टार्टरची पाळी उडते. हे त्याला आधी माहीत नसेल, तर आपल्याला डावलले असेच तो धरून चालतो.

आढाव्यात ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडलेल्या धावा, एकटा पाहू नये. ३० इनिंगमध्ये १२ धावा म्हणजे ३.६०. त्यातल्या एकाच इनिंगमध्ये आणखी पाच धावा गेल्या असत्या तर आकडा ५.१० झाला असता. पिचर तोच, दोन-तीन फटके क्षेत्ररक्षकांच्या मधून निघाले इतकेच. समोर आलेल्या फलंदाजांपैकी किती स्ट्राइकआउट झाले (तीन स्ट्राइकवर बाद), किती वॉकवर गेले (चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकट पहिल्या बेसवर), चेंडूचा वेग टिकला का, आणि तेच फलंदाज तिसऱ्यांदा समोर आल्यावर काय झाले, हे जास्त बोलके असते. वेग ताशी दोन मैलांनी उतरला असेल तर प्रश्न गुणवत्तेचा नाही. आधी खांदा-कोपर तपासून घ्यावे.

नियमही गोंधळ वाढवतात. ज्या तरुण पिचरची ‘ऑप्शन’ वर्षे, म्हणजे खाली पाठवण्याची मुभा असलेली वर्षे, शिल्लक आहेत त्याला मायनर लीगमध्ये (खालच्या स्तरावरच्या लीगमध्ये) पाठवता येते. ज्याची संपली त्याला पाठवताना इतर संघ उचलून नेण्याची भीती असते. त्यामुळे चांगला टाकणारा तरुण खाली जातो आणि सुमार अनुभवी खेळाडू राहतो. अशा वेळी ‘अजून सुधारणा हवी’ असे खोटे कारण देण्यापेक्षा खरे कारण सांगणे हाच मान राखणे आहे. करारातल्या बोनसचेही तसेच. मेजर लीगमध्ये बोनस सुरुवात केलेल्या सामन्यांवर किंवा टाकलेल्या इनिंगवर ठेवता येतो, ईआरए किंवा विजयांवर नाही. बोनसला दोन सामने उरले असताना जागा काढली, तर कारण कितीही खरे असो, पैसे वाचवल्याचा वास येणारच. आढाव्याची तारीख त्या टप्प्याच्या बरीच आधी ठेवावी.

मोठा करार म्हणजे जागेचा शब्द नव्हे, हे सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने दाखवले. पिचर बॅरी झिटोचा करार सात वर्षांचा, १२ कोटी ६० लाख डॉलरचा. तरीही २०१० च्या ऑक्टोबरमध्ये प्लेऑफच्या (विजेतेपदासाठीच्या बाद फेऱ्यांच्या) संघात तो नव्हता आणि जायंट्स विश्वविजेते झाले. साय यंग पुरस्कार (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा) दोनदा मिळवलेला टिम लिन्सेकम २०१२ मध्ये ५.१८ च्या ईआरएमुळे प्लेऑफमध्ये मुख्यतः बुलपेनमधून आला आणि तिथे उत्तम टाकून गेला. त्याच प्लेऑफमधल्या मालिकेत संघ ३-१ असा मागे असताना झिटोने सेंट लुईसविरुद्ध ७⅔ इनिंग एकही धाव दिली नाही. दार दोन्ही बाजूंनी उघडे होते, म्हणूनच हे जमले.

उलट वॉशिंग्टन नॅशनल्सने २०१२ मध्ये स्टीफन स्ट्रासबर्गला कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर इनिंगची मर्यादा घालण्याचा शब्द पाळला. १५९⅓ इनिंगनंतर सप्टेंबरमध्ये त्याला थांबवले आणि प्लेऑफची पहिलीच फेरी संघ हरला. टीका शब्द पाळण्यावर झाली. माझ्या मते चूक वेळापत्रकात होती. एप्रिलमधले पाच सामने टाळले असते, तर त्याच्या सरासरीने सुमारे २८ इनिंग ऑक्टोबरसाठी उरल्या असत्या आणि मर्यादाही मोडली नसती.

निर्णय झाला की तो मॅनेजरने स्वतः, बंद दाराआड, पत्रकारांच्या आधी सांगावा. तोही शेवटच्या सामन्यानंतरच्या दिवशीच. स्टार्टर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुढच्या सामन्यासाठी बुलपेनमध्ये सराव करतो. तो करून घेऊन मग जागा गेल्याचे सांगितले, तर हाताचा एक दिवस फुकट जातो आणि बुलपेनमध्ये तो कधीपासून उपलब्ध आहे याचा हिशेबही चुकतो.

आपला,
एक बेसबॉल प्रशिक्षक